विमान मोडलं तर मोडू द्या

एका इंजिनाचं छोटं विमान शेतात उतरतं. चाकं निखळतात, पंख्याची पाती वाकतात, एक पंख बांधावर आपटून मुडपतो, आणि आतली माणसं खरचटलेल्या अंगाने दार ढकलून बाहेर येतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोडक्या विमानाचं छायाचित्र येतं आणि तिसऱ्या दिवशी पंचांचा निवाडाही तयार असतो. धावपट्टी तर मागेच होती, मग हा परत का नाही वळला? सामान्य वाचकाने हे विचारलं तर मी समजू शकतो. पण फ्लाइंग क्लबाच्या व्हरांड्यात बसून, हजारो तासांचं उड्डाण नावावर असलेली माणसं जेव्हा हाच प्रश्न विचारतात, आणि तोही समोर उभ्या असलेल्या विशीतल्या शिकाऊ मुलामुलींना ऐकू जाईल असा, तेव्हा मला संताप येतो. कारण त्या मुलांपैकी एखाद्याचं इंजिन उद्या चारशे फुटांवर बंद पडेल आणि त्या क्षणी त्याला हेच वाक्य आठवेल.

हे मत काय म्हणतं, ते आधी नीट मांडतो. उड्डाणानंतर मिनिटभरात इंजिन गेलं म्हणजे पट्टी हाकेच्या अंतरावर असते. विमान हवेत असतं, सुकाणू चालू असतं, तेव्हा वळून परत येणं हे कौशल्याचं काम आहे आणि कौशल्य नसलेलेच शेतात घुसतात. खरा वैमानिक विमानाला ओरखडा न पडू देता परत आणतो. मोडलेलं विमान हा वैमानिक चुकल्याचा पुरावा आहे. यातलं प्रत्येक विधान ऐकायला रास्त वाटतं. आणि प्रत्येक विधान चुकीचं आहे.

या मताच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे, तिच्यापासून सुरुवात केली पाहिजे. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. विमानाला वर धरतात ते पंख. इंजिनाचं काम पंखांवरून हवा वाहती ठेवण्याइतका वेग देण्याचं. इंजिन गेलं तर तोच वेग उंची खर्च करून मिळवता येतो, उताराला लागलेल्या सायकलला पायडल मारावं लागत नाही तसं. जगभर शिकण्यासाठी वापरलं जाणारं सेसना १७२ घ्या. इंजिन बंद असताना ते एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. म्हणजे हजार फुटांवरून, वारा नसेल तर, जवळपास पावणेतीन किलोमीटर. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये कित्येक दशकं माणसं इंजिनच नसलेल्या विमानातून उडाली आणि उतरली. १९८३च्या जुलैत कॅनडात एका बोइंग ७६७चं इंधन हवेतच संपलं. दोन्ही इंजिनं थांबली, तरी कप्तानाने ते अवाढव्य विमान गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर तरंगत आणून उतरवलं. विमानात ६९ जण होते, सगळे वाचले. तो कप्तान ग्लायडर उडवणारा होता.

तेव्हा इंजिन बंद पडणं हा मृत्यू नव्हे. मृत्यू येतो तो पुढच्या काही सेकंदांत माणूस काय करतो त्यातून. म्हणूनच ‘परत का नाही वळला’ हा प्रश्न निरुपद्रवी नाही.

आता पट्टी खरंच किती जवळ असते ते पाहू. विमान चारशे फुटांवर आहे, नाक वर करून चढतंय आणि इंजिन थांबलं. सत्तर नॉट, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने, तीस अंशांच्या कलाने वळायचं ठरवलं तर अर्धवर्तुळ पुरं होईपर्यंत विमान पट्टीच्या रेषेपासून साडेचारशे मीटर बाजूला गेलेलं असतं. वळणाचा व्यासच तेवढा असतो. म्हणजे १८० अंश वळून भागत नाही. आणखी तीसेक अंश वळून पट्टीकडे तोंड करायचं, मग तेवढंच उलट वळून पट्टीच्या रेषेत यायचं. एकूण वळण २४० अंशांचं झालं. त्याला सत्तावीस सेकंद लागतात. कललेलं विमान सरळ विमानापेक्षा वेगाने खाली येतं, त्या सत्तावीस सेकंदांत ते चारशे फूट गमावतं. हिशेब इथेच संपला. आणि यात वैमानिकाला झालेला प्रकार उमगायला लागलेले सेकंद धरलेले नाहीत, वारा धरलेला नाही, वळणं संपल्यावर पट्टीपर्यंत जे सरळ अंतर कापायचं तेही धरलेलं नाही. हा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीने मांडता येतो. मग हजारो तास उडालेल्या माणसांनी तो एकदाही कागदावर का मांडू नये?

यावर उत्तर येतं: मग जास्त कलवायचं, वळण लहान होईल. होईल. पण विमान जितकं कलतं तितका त्याच्या पंखांवर भार वाढतो आणि तरंगत राहायला लागणारा किमान वेगही वाढतो; त्याखाली वेग गेला की पंखांची उचल जाते, यालाच स्टॉल म्हणतात. पंख सपाट असताना जे सेसना पन्नास नॉटच्या आसपास स्टॉल होतं, ते ४५ अंश कलात साठच्या आसपास आणि ६० अंश कलात सत्तरच्या आसपास होतं. सत्तर नॉटच्याच वेगाने आपण वळत होतो. हे गणित कुठे घेऊन जातं ते सांगायला नको.

पण माणसं गणितात मरत नाहीत, ती हाताच्या एका चुकीने मरतात, आणि ती चूक कशी घडते हे जवळून पाहिलं पाहिजे. चढत्या विमानाचं नाक वर असतं. इंजिन जातं तसा आवाज एकदम खाली येतो, पंखा वाऱ्याने नुसता फिरत राहतो, वेगाचा काटा उतरायला लागतो. वेग टिकवायचा तर नाक तत्काळ, ठामपणे खाली दाबलं पाहिजे. जमीन चारशे फुटांवर असताना नाक तिच्याकडे वळवायचं, हे शरीराला पटत नाही. हात आपोआप योक, म्हणजे नाक वर-खाली करणारी मूठ, मागे ओढतो. त्यात मनाने पट्टी धरलेली असेल तर मान मागे वळते, नजर वेगाच्या काट्यावरून उडते. वळताना खालची झाडं मोठी होताना दिसतात. वळण पुरत नाहीये असं वाटतं. कल वाढवायची भीती वाटते, म्हणून पाय रडरवर जोर देतो, नाक लवकर फिरावं म्हणून. हात अजून ओढतोच आहे. आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो, विमान त्या अंगावर उलटतं आणि गिरकी घेत नाकावर येतं. दोन हजार फुटांवर ही गिरकी सोडवता येते, शिकाऊंना ती सोडवायला शिकवतातही. दोनशे फुटांवर तिला उपाय नाही. यातून मागे जे उरतं त्याच्या छायाचित्रात चालत बाहेर आलेली माणसं नसतात.

आता मला सांगा, ही गिरकी कौशल्याच्या अभावातून आली की पट्टीच्या हव्यासातून? तो हव्यास त्या माणसाच्या डोक्यात कोणी घातला?

तिसरा मुद्दा वेळेचा. व्हरांड्यात बसलेल्याला निकाल माहीत असतो. त्याला इंजिन केव्हा गेलं, पूर्ण गेलं की अर्धवट, पुढे काय होतं, सगळं कळलेलं असतं. कॉकपिटमधल्या माणसाला पहिले काही सेकंद हे आपल्याला होतंय यावर विश्वासच बसत नाही. २००९च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाहून उडालेल्या एअरबसची दोन्ही इंजिनं पक्ष्यांच्या थव्याने निकामी केली आणि कॅप्टन सलनबर्गर यांनी ती हडसन नदीत उतरवली. १५५ जण वाचले. तपासाच्या वेळी सिम्युलेटरवर वैमानिकांना बसवून पाहण्यात आलं. पक्षी आदळताक्षणी वळलं तर विमान परत पोचू शकत होतं. पण परिस्थिती ओळखायला, एखादा उपाय करून पाहायला आणि निर्णय घ्यायला लागणारे ३५ सेकंद हिशेबात धरून वळायला लावल्यावर ते पोचलं नाही. मोठं जेट आणि छोटं विमान यांची यंत्रं वेगळी, पण आत बसलेला माणूस एकच असतो. हवेतल्या माणसाला ते ३५ सेकंद नाकारून त्याच्यावर निवाडा देणं हा अन्याय आहे.

‘शेतात घुसणं म्हणजे आपटणंच,’ हा पुढचा युक्तिवाद. इथे विज्ञान वैमानिकाच्या बाजूने उभं आहे आणि तरी लोकांना ते माहीत नाही. माणसाचं शरीर, पट्टे नीट बांधले असतील तर, अल्पकाळ बराच धक्का सोसतं. गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट धक्क्याने थांबायचं धरलं तर ताशी ८० किलोमीटर वेगाच्या विमानाला थांबायला तीन मीटरही लागत नाहीत. साडेनऊ फूट पुरतात. वेग दुप्पट झाला तर मात्र अंतर चौपट लागतं, कारण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून सारं शहाणपण एका गोष्टीत आहे: जमिनीला टेकताना वेग शक्य तितका कमी हवा आणि विमान ताब्यात हवं. उड्डाण वाऱ्याला सामोरं होतं. सरळ पुढे उतरलात तर वारा वेग कमी करतो. मागे वळलात तर तोच वारा पाठीमागून ढकलतो. ताशी ८५ किलोमीटरने टेकणाऱ्या विमानाला वीस किलोमीटरचा वारा समोरून मिळाला तर जमिनीशी गाठ ६५ने पडते, मागून मिळाला तर १०५ने. या दोन आकड्यांत आघाताच्या ऊर्जेचा फरक अडीच पटींहून जास्त आहे. पट्टी गुळगुळीत आहे म्हणून हा फरक पुसला जात नाही, कारण घाईने वळून आलेला बहुधा पट्टीवर नव्हे, पट्टीच्या अलीकडच्या कुंपणावर पोचतो.

शेत निवडणं हेच तर खरं कौशल्य आहे. नांगरट असेल तर तासांच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही. मोकळ्या दिसणाऱ्या शेतापेक्षा आधी विजेचे खांब शोधायचे, कारण वरून तार दिसत नाही, खांब दिसतो. ज्वारीचं पीक विमानाला अडवत थांबवतं. ऊस उंच आणि दाट, त्यात शिरायचं तर शेंड्यांना जमीन समजून अगदी कमी वेगाने. रस्ता मोहक वाटतो, पण त्यावर दुचाक्या असतात, कमानी असतात, दोन्ही बाजूंना तारा असतात. दोन झाडांच्या मधून विमान नेलं तर दोन्ही पंख तुटतात आणि ऊर्जा पंखांत जाते, माणसांत नाही. पंख मोडण्यासाठीच आहेत, चाकं मोडण्यासाठीच आहेत. विमा विमानाचा असतो तो याच दिवसासाठी. २०२२च्या जुलैत बारामतीहून एकटी उडालेली शिकाऊ वैमानिक इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात विमानासकट खाली आली. सेसना १५२चा चुराडा झाला आणि बावीस वर्षांची मुलगी किरकोळ जखमांवर बचावली. कारण काहीही असो, या दोन वाक्यांतलं कोणतं वाक्य महत्त्वाचं, हे ठरवायला इतका वेळ का लागावा?

२०१५च्या मार्चमध्ये अभिनेता हॅरिसन फोर्ड याचं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं प्रशिक्षण विमान सांता मोनिकाहून उडाल्यावर लगेच बंद पडलं. इंधन आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधली एक तोटी (जेट) सैल होऊन फिरली होती. त्याने परत येत असल्याचं टॉवरला कळवलं होतं, पण पट्टी गाठता येत नाही हे दिसताच तिचा नाद सोडला आणि शेजारच्या गोल्फच्या मैदानात विमान घातलं. जखमी झाला, वाचला. तो वाचला पट्टी सोडल्यामुळे. पट्टीचा नाद केव्हा सोडायचा हे ज्याला कळतं त्याला मी वैमानिक म्हणतो.

आता या मताचा सगळ्यात विषारी भाग. ‘मोडकं विमान म्हणजे चूक.’ इंजिनं का बंद पडतात? पुष्कळदा इंधनामुळे. टाकीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं आणि उड्डाणाआधी ते काढून पाहिलेलं नसतं. एका टाकीतलं संपलेलं असतं आणि दुसऱ्या टाकीवर बदललेलं नसतं. किंवा दमट हवेत, बाहेर पंचवीस अंश असले तरी, कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात तापमान इतकं घसरतं की बर्फ जमतो आणि इंजिन गुदमरतं. कार्ब्युरेटर गरम करणारी हीटची कळ वेळेवर ओढली असती तर ते टळलं असतं. यातल्या बऱ्याच गोष्टी माणसाच्या चुका आहेत हे मी नाकारत नाही. पण चूक झाली ती दहा मिनिटांपूर्वी, जमिनीवर. चारशे फुटांवर घ्यायचा निर्णय वेगळा आहे आणि त्याचा न्यायही वेगळा झाला पाहिजे. आपण दोन्ही एकात मिसळतो. आणि ज्याला मनातून कळलेलं असतं की टाकी आपणच तपासली नाही, त्याच्यावर याचा परिणाम काय होतो? त्याला शेतातलं मोडकं विमान म्हणजे स्वतःच्या चुकीच्या जाहीर पंचनाम्याची जागा वाटते. पट्टीवर गुपचूप परत उतरलो तर कोणाला कळणार नाही, असं वाटतं. तो पट्टीकडे वळतो ते अंतराच्या हिशेबाने नव्हे, लाजेपायी. इंधन विसरलेल्या माणसाला जगण्याचा हक्क नाही का? त्याला घरी मुलं नसतात का? चूक केलेल्याने आधी जिवंत परत यावं आणि मग चौकशीला सामोरं जावं, एवढं साधं आपण आपल्या शिकाऊंना ठामपणे का सांगत नाही?

एक बारीक पण भयंकर गोष्ट यातच येते. इंजिन पूर्ण बंद पडण्यापेक्षा अर्धवट ताकद जाणं अधिक वेळा घडतं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोने २००० ते २०१० या काळातल्या एक इंजिनी विमानांच्या नोंदी पाहिल्या. उड्डाणानंतर अर्धवट ताकद गेल्याच्या २४२ घटना, पूर्ण इंजिन बंद पडल्याच्या ७५. आणि जीव गेले ते अर्धवटच्या घटनांत. नऊ घटना प्राणघातक ठरल्या, पूर्ण बंद पडल्याच्या एकही नाही. इंजिन साफ थांबलं की माणूस समोरचं शेत स्वीकारतो. इंजिन थोडं थोडं चालत राहिलं की त्याला वाटतं, पोचू परत. खोकणारं इंजिन आशा देतं आणि ती आशाच त्याला वळणात नेते. पट्टीवर परत आणणाऱ्यालाच शाबासकी देणाऱ्या मंडळींनी ही नोंद डोळे उघडे ठेवून वाचावी.

‘दोन इंजिनांचं विमान घ्या म्हणजे प्रश्नच मिटला’ असंही सुचवतात. मिटत नाही. छोट्या दोन इंजिनी विमानातलं एक इंजिन गेलं की चढण्याची क्षमता निम्मी होत नाही, बहुतेक सगळी जाते. वर चालू इंजिन विमानाला एका बाजूला ओढत राहतं आणि वेग कमी झाला तर उलटं करतं. तिथेही वाचतो तो नाक खाली ठेवून वेग सांभाळणारा.

मी परतीला सरसकट बंदी घाला म्हणत नाही. पुरेशी उंची असेल, आणि त्या विमानात, त्या वजनाला वळायला किती फूट लागतात हे वैमानिकाने वर तीन-चार हजार फुटांवर जाऊन स्वतः मोजून पाहिलं असेल, तर वळावं. अमेरिकेतल्या विमान प्राधिकरणाने प्रशिक्षकांना आता हे दाखवायला सांगितलं आहे, आणि ते योग्य आहे. पण तो आकडा जमिनीवर असताना ठरलेला हवा. हवेत गेल्यावर आशेने ठरवलेला आकडा कामाचा नाही.

उंची असते तेव्हा वेळही असतो, हेही सांगायला हवं. तीन हजार फुटांवर इंजिन गेलं तर सेसनाला जमिनीवर यायला चार मिनिटं लागतात. पहिलं काम तरंगण्याच्या वेगावर नाक बसवणं. दुसरं, शेत निवडून त्याच्याकडे तोंड करणं. मगच कारण शोधायचं: कार्ब्युरेटर हीट, टाकीची निवड, मिक्श्चर, मॅग्नेटो. पुष्कळदा इंजिन इथेच पुन्हा धरतं. नाही धरलं तर रेडिओवर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर मेडेची हाक आणि ट्रान्सपाँडरवर आणीबाणीचा ७७०० कोड. उतरण्याआधी इंधन बंद, इग्निशन बंद, आग लागू नये म्हणून. दारं आधीच कडी काढून किंचित उघडी, नाहीतर सांगाडा वाकल्यावर ती उघडत नाहीत. हे सगळं शिकवता येतं, पाठ करता येतं, हाताच्या सवयीत उतरवता येतं. मग आपल्या व्हरांड्यांतल्या गप्पा यावर का नसतात? त्या पट्टीवर परत आलेल्याच्या पराक्रमावरच का असतात?

शेतात उतरून माणसं चालत बाहेर आली तर वैमानिकाने आपलं काम पूर्ण केलं. त्याने विमान गमावलं नाही, विमान इंजिनाने आधीच गमावलं होतं. त्याने माणसं वाचवली.

बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, जळगाव, जिथे जिथे आज मुलं-मुली विमान शिकतायत, तिथल्या प्रशिक्षकांना आणि क्लब चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक उड्डाणाआधी, थ्रॉटल पुढे ढकलण्याआधी, शिकाऊकडून मोठ्याने म्हणून घ्या: या उंचीखाली इंजिन गेलं तर मी सरळ पुढे उतरणार, वळणार नाही. आणि त्याला लेखी द्या की या निर्णयात विमान मोडलं तर त्याचा एक रुपयाही त्याच्याकडून मागितला जाणार नाही आणि एक शब्दही ऐकवला जाणार नाही.